अकोल्याच्या मातीसाठी केलेला जोडा

साहेब मैदानातच बसला होता, उजवा घोटा दोन्ही हातांनी धरून. घोटा टम्म सुजला होता. बाजूला त्याचा बूट पडला होता. तो बूट मी केलेला होता.

"पुंजाजी, हे काय करून ठेवलंस?" नारोपंत म्हणाले. नारोपंत हे साहेबाच्या कापसाच्या वखारीतले मोठे कारकून. माणूस पुण्याकडचा. मला घरून बोलावून आणलं होतं त्यांनीच.

मी बूट उचलून उलटा केला. तळ घासून आरशासारखा झाला होता.

"पंत, सायबानं मले चालाचा बूट सांगतला होता," मी म्हणालो. "याच्यात उड्या मारून राहिले, हे मले कोनं सांगतलं?"

पंतांनी कपाळाला आठ्या घातल्या. आमचं वऱ्हाडी बोलणं त्यांना नेहमी भांडणच वाटायचं. साहेबाला त्यांनी माझं म्हणणं इंग्रजीत काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बरंच गोड करून सांगितलं असावं. कारण साहेब रागावला नाही. त्याने फक्त बुटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "मोची, कील लगाओ. शिकार का बूट माफिक."

म्हणजे तळाला लोखंडी खिळे ठोक.

ते दिवस कापसाचे होते. दूर कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून सगळे वऱ्हाडात धावले. अमरावतीच्या कॅम्पात दर महिन्याला नवा साहेब उतरायचा. हे साहेब सकाळी वखारीत बसण्याआधी एक खेळ खेळायचे. मध्ये जाळी बांधायची, दोन्ही बाजूंना उभं राहायचं आणि तात विणलेल्या हलक्या बॅटनं पिसांचं फूल इकडून तिकडे मारायचं. पुढे त्याला बॅडमिंटन म्हणायला लागले. आम्ही फुलाचा खेळ म्हणायचो. उघड्यावर खेळायचे, म्हणून वारा सुटायच्या आत, म्हणजे भल्या सकाळीच खेळायचे. दहा वाजता फूल मारलं तर ते कलेक्टर कचेरीत जाऊन पडायचं.

"खिळे मी लावनार नाई," मी म्हणालो.

पंत गडबडले. "अरे, साहेब सांगतोय ना?"

"सांगू द्या. शिकारीत मानूस सरळ चालते. इथं तो गर्रकन फिरते. खिळा जमिनीत रुतला की पाय तिथंच राह्यते अन् गुडघा फिरते. आज घोटा गेला, उद्या गुडघा जाईन."

हे पंतांनी नीट सांगितलं असणार.  साहेबाने विचारलं, "तो क्या करेगा?"

"पयले खेळ पायतो," मी म्हणालो.

बोलून बसलो खरा, पण घरची वाट बाजारातून होती. चांभाराच्या बुटानं साहेब पडला, हे बाजारात माझ्या आधी पोचलं होतं. माझ्या बापाने याच बाजारात तीस वर्षं जोडे शिवले. त्याच्या जोड्यानं कोणी पडलं, असं कधी ऐकू आलं नव्हतं.

साहेबाचा पाय बरा होईपर्यंत बाकीचे साहेब खेळतच होते. मी आठ दिवस मैदानाच्या कडेला उकिडवा बसून पाहिलं. लोक फुलाकडे पाहायचे. मी पायांकडे पाहायचो. तीन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे हा खेळ टाचेवर नाही, चवड्यावर चालतो. साहेबांच्या बुटाला दोन बोटं उंच टाच असायची. आडवं पळताना ती टाच कलंडली की घोटा गेलाच. दुसरं, धावून एकदम थांबलं की पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख आपटतं. म्हणजे पुढे जागा हवी आणि वरून बांधणी घट्ट हवी. तिसरं म्हणजे जमीन. अमरावतीचं मैदान मुरुमाचं होतं, धुम्मस करून पक्कं केलेलं. मुरुमाचे बारीक खडे तळाखाली गोट्यांसारखे फिरायचे, आणि गुळगुळीत कातडं त्यांच्यावरून सटकायचं.

साहेबाचा घोटा बरा झाल्यावर त्याच्या पायाचं माप मी पुन्हा घेतलं. या वेळी खेळून आल्यासारखं मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून मग घेतलं. चालल्यावर पाय फुगतो. थंड पायाचं माप गरम पायाला खोटं पडतं. हे बापाचं सांगणं.

टाच काढून टाकली. वरचं कातडं शेळीचं घेतलं, मऊ. तळाला मात्र कातडं लावलंच नाही. आमच्याकडे कापसाच्या तासांमध्ये अंबाडी पेरतात, तिच्या वाकाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर होतात. तो दोर वेणीसारखा गुंफून चपटा केला, गोल गोल वळवून तळाच्या आकाराचा बसवला आणि आरीनं भोकं पाडून शिवला. आरी म्हणजे आमची जाड सुई. माझी बायको गिरजा टाके घालते तसे अमरावतीत कोणी घालत नव्हतं, मीसुद्धा नाही.

साहेबाने जोडा घातला, चार उड्या मारल्या, आडवा धावला, थांबला. पाय जागेवर. तो मोठ्यानं हसला आणि पंतांच्या पाठीवर थाप मारली. जोडा मी केला होता, थाप पंतांना मिळाली. चालायचंच.

मी निघालो, तेवढ्यात पंत म्हणाले, "बरं झालं बाबा. आता हा इतवार सोडून पुढच्या इतवारी अकोल्याला सामना आहे. तिथल्या साहेबांनी आव्हान दिलंय."

मी जागीच थांबलो. "अकोल्याले? तिथलं मैदान कायचं हाये?"

"कशाचं म्हणजे? मैदान ते मैदान!"

"पंत, तिथं मुरूम हाये का काळी माती?"

पंतांना ठाऊक नव्हतं. साहेबालाही नव्हतं. मग मी सांगितलं, "मले त्या मैदानाची माती आनून द्या. घमेलंभर."

"माती?" पंत हसले. "अरे, तू चांभार आहेस की कुंभार?"

"जोडा पायाले होते, तसाच जमिनीलेही होते. एक पाह्यला, दुसरी पाहू द्या."

वखारीच्या गाड्या अकोल्याला जात-येत होत्याच. सहाव्या दिवशी एका गाडीवानाने गोणपाटात बांधलेली माती माझ्या दारात आणून टाकली. गाठ सोडली आणि मी कपाळाला हात लावला. काळीभोर कापसाची माती. वाळली तर दगड, ओली झाली तर लोणी. आणि थंडीचे दिवस, सकाळी दव पडलेलं. खेळ तर सकाळीच.

ती माती मी अंगणात पसरली, धोपटून घट्ट केली, रात्रभर दवात राहू दिली. सकाळी गिरजाला अंबाडीचा जोडा घालायला दिला आणि दहा पावलं चाल म्हटलं. तिने सहाच टाकली.

"अवो, पाहा!" तिने पाय वर केला. तळाला शेरभर चिखल चिकटला होता. "हा जोडा हाये का ढेकूळ? सायेब खेळन कायचा, उभाच राह्यनार नाई."

अकोल्याला निघायला दोन दिवस उरले होते. साधं कातडं लावून पाहिलं, ते दवावर सटकलं. कातडं उलटं, खरखरीत बाजू बाहेर करून लावलं. त्याला माती अंबाडीसारखीच चिकटली. दुपारी मी रापी फेकून दिली. रापी म्हणजे कातडं कापायचं हत्यार. ते फेकणं आमच्यात पाप.

गिरजाने ती उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. "मोटेच्या कातड्याले चिखल काहून नाई चिकटत?" तिने विचारलं.

मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायचा कातडी डोल. ती सारखी चिखलात लोळते, तरी आपटली की साफ. कारण आम्ही तिला तेल पाजतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शेकडो मोटा शिवल्या होत्या. पण बुटाचा विचार करताना मोटेचा विचार कोण करतो?

म्हशीचं जाड कातडं घेतलं, गरम एरंडेल पाजलं. पिईल तितकं पाजलं. माती चिकटायची थांबली, पण घसरणं होतंच. म्हणून त्याच कातड्याच्या बोटभर रुंद चार पट्ट्या कापून तळाला आडव्या शिवल्या. शिवल्या, ठोकल्या नाहीत. पट्टी माती धरते आणि फिरताना सोडतेही. खिळा सोडत नाही.

गिरजा त्या मातीवर वीस पावलं चालली, मग पळाली, मग माझ्याकडे पाहून गर्रकन फिरली. पडली नाही.

सामन्याला पंतांनी मलाही नेलं, टाका उसवला तर असावा म्हणून. अकोल्याचा साहेब शिकारीचे खिळेवाले बूट घालून आला होता. चौथ्या-पाचव्या फटक्यालाच चिखल चिकटून त्याचे बूट एवढाले झाले. आमचा साहेब हरणासारखा धावत होता. पंत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुंजाजी, मानलं बुवा."

तेवढ्यात अकोल्याच्या साहेबाने खेळ थांबवला, खाली बसला, बूट काढले, मोजेही काढले आणि अनवाणी उभा राहिला. लोक हसले. मी नाही हसलो. काळ्या मातीत उघडा पाय बोटं रोवून कसा पक्का धरतो हे वऱ्हाडात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. माणूस खेळायलाही तरबेज होता. त्याने आमच्या साहेबाला पार दमवलं आणि शेवटी दोन फुलांनी, म्हणजे दोन गुणांनी, सामना जिंकला.

पंतांचं तोंड उतरलं. "सगळी मेहनत फुकट गेली रे!"

"थांबा जरा," मी म्हणालो.

जिंकलेला साहेब हात मिळवायला जाळीकडे आला आणि मधेच ओरडून खाली बसला. मैदानाच्या कडेला बाभळी होत्या. तिथून काटा आला होता. टाचेत पार मोडला. आमचा हरलेला साहेब आपल्या पायांनी टांग्यात जाऊन बसला. जिंकलेल्याला दोघांनी उचलून बंगल्यावर नेलं.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून माप आलं. कागदावर पायाची आकृती काढलेली होती आणि सोबत गोणपाटात मातीही. ती न मागता आली होती.

नंतर पुष्कळ वर्षं मी खेळाचे जोडे केले. जो तो पहिला प्रश्न एकच विचारायचा, हा घातला की जिंकेन का? मी सांगायचो, जोड्याचं काम पाय शाबूत घरी आणायचं. जिंकायचं काम ज्याचं त्यानं पाहावं.