कोळ्याच्या पोरीला मासळीची शिसारी

माझ्या वयाच्या बायका लहानपणच्या गोडधोडाच्या आठवणी काढतात. मी अळ्यांची काढते. नुकतेच जेवून उठला असाल तर जरा थांबा, मग वाचा.

थळला समुद्राला लागून आमचं घर होतं. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, पण माझ्या नाकाला स्वातंत्र्य मिळालेलं नव्हतं. बापाची होडी होती, आणि पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील गोणपाटात भरून माळ्यावर ठेवलेले असायचे. मी माळ्याखाली झोपायची. एका पावसाळी दुपारी फळीच्या फटीतून माझ्या ओठावर काहीतरी टपकलं. मला वाटलं पाणी. जीभ फिरवली, तर ते पाणी वळवळलं.

माझ्या किंकाळीनं सगळं घर गोळा झालं. गोण खाली काढली. आतले बोंबील ओलावून शेंबडासारखे बुळबुळीत झाले होते आणि त्यांच्यावर पांढऱ्या अळ्यांची नुसती जत्रा भरली होती. आमच्या घरात सत्ता आत्याची, म्हणजे बापाच्या थोरल्या विधवा बहिणीची. तिनं बोंबील सुपात घेतले, पाखडले, अळ्या उडवल्या, कोंबड्यांना बोलावलं आणि म्हणाली, "इस्तवात सगला शुद्द होतो." संध्याकाळी तेच बोंबील भाजून, वर लसूण-मिरची ठेचून, ताटात आले. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले. मी एक घास घेतला आणि पोटातलं सगळं बापाच्या ताटात रितं केलं.

त्या दिवसापासून मासळी दिसली की मला उमासे येत. बोंबील, कोलंबी, मांदेली, कशालाच माझ्या पोटात थारा नाही. कोळ्याच्या पोरीनं मासळीला नाक मुरडायचं म्हणजे मिठागरानं मिठाला नावं ठेवायची. आळीतल्या बाया येऊन माझे डोळे उघडून बघायच्या. आत्याचा निकाल तयार होता, "पोटात काय न्हाय. डोक्यात हाय तिच्या."

भगत आला. अहाहा, काय ते ध्यान! नखांत काळी घाण, ओठाच्या कोपऱ्यात तंबाखूची लाळ, आणि बोलताना ती लाळ तोरणासारखी लोंबायची. त्यानं निखाऱ्यावर सुकट टाकली आणि माझं डोकं धरून धुरात दाबलं. मी ओकले. तो खूश झाला, "बाधा सुटतेय!" मग उपाय सांगितला. येत्या अवसेला पाकटाचं काळीज, कच्चं, ताजं ताजं, एका घासात. पाकट म्हणजे ती चपटी, चाबकासारख्या शेपटीची मासळी. तिचं काळीज थुलथुलीत, तेलकट असतं. ते बोटांतून निसटतं, घशातून काय उतरणार? मी रात्रंदिवस तो घास गिळत होते.

आईनं माझ्यासाठी एवढंच केलं, की बापाला एकटं गाठलं. "म्हमईला डोक्याचा डाक्टर हाय म्हनतान. त्यो डोका बरा हाय बोलला त मंग भगत कशाला?" बाप कबूल झाला. आत्याची एकच अट होती, अवसेपर्यंत परत यायचं.

रेवसहून लाँच धरली. लाँचभर मासळीच्या पाट्या. भाऊच्या धक्क्यापर्यंत माझं काय झालं ते तुमच्यावर सोडते.

डॉक्टर बारीक, गोरटेले, चश्मेवाले. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी तर तिथंच त्यांच्या प्रेमात पडले. त्यांनी माझ्यापुढं एक पुठ्ठा धरला. त्यावर शाईचा मोठा डाग होता, कागद दुमडून उमटवलेला, दोन्ही बाजू सारख्या.

"काय दिसतं?"

"मधून चिरलेली घोळ."

दुसरा पुठ्ठा. "चिरलेला पाकट. ह्याचा कालीज काढला न्हाय अजून."

खारवायला चिरून उघडलेली मासळी अशीच दिसते, त्याला मी काय करू? तिसऱ्या पुठ्ठ्यावर लाल डाग होते. मी तोंड दाबून धरलं. डॉक्टर भरभर लिहीत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. मला वाटलं, संपलं. आता काळीज खावंच लागणार.

शेवटी त्यांनी तो पुठ्ठा आईकडे वळवला. "बाई, तुम्हाला काय दिसतं?"

आईनं पुठ्ठा हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला. "कोनी चिरली ही? आतडी तशीच ऱ्हायलीत बगा कडंला. अशी उन्हात टाकाल त परवा किडं."

डॉक्टरांनी रुमाल तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून त्यांनी हे कधीपासून होतं ते विचारलं. मी माळा, ओठ, जीभ, सूप, सगळं साभिनय करून दाखवलं. त्यांनी समोरचा चहा हळूच दूर सरकवला.

"बाई, हिच्या डोक्यात काही बिघाड नाही. माझंही हेच झालं असतं. जबरदस्ती करू नका."

"मासली खाल्ल्याबिगर पोर जगंल?"

"मी जगलोच की."

आईनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "दिसताव, सायेब."

परतीच्या लाँचमध्ये मी विचारलं, "आये, मी शानी हाय ना? मंग आता कालीज न्हाय ना खायाचा?" तिनं पदराचं टोक माझ्या नाकावर धरलं.

पोचलो ती अवसेचीच संध्याकाळ. घरी ओटीवर भगत आधीच येऊन बसला होता. जवळ पानात काळीज, वर माश्या.

"काय बोलला त्यो?" आत्यानं विचारलं. "डोका बरा हाय?"

 मला आईच्या चेहऱ्यावर दिसलं, की बरा म्हटलं तर आत्या म्हणेल, बरा हाय त खाऊ दे.

"बरा कसला!" आई म्हणाली. "मोठा आजार हाय. डोक्यात एक नस हाय, मासलीनं फुगते. जबरीनं घातली त फुटंल. आनि घालनाऱ्याला पोलीस नेतील."

बाप पांढराफटक पडला. भगत पंचा झटकून उठला, "नसंचा काम आमचा नव्हं." आत्या मात्र उजळली. "मी बोल्ली व्हती ना, डोक्यात हाय!"

काळीज फुकट कशाला घालवायचं म्हणून तिनं ते कोकमाचं आगळ घालून रटरटवलं आणि सगळ्यांना वाढलं. सगळे बोटं चाटत होते. मी मागच्या पडवीत भात आणि वालाची आमटी घेऊन बसले होते. आत्या स्वतः उठली आणि मधलं दार लावत म्हणाली, "वास जाईल गो तिच्या नसंला."

माझी एवढी काळजी त्या घरात पूर्वी कुणी घेतली नव्हती. मी दाराआडून आणखी आमटी मागितली.