चुन्याच्या पुरचुंड्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, साठच्या दशकात कुवेतमधील एका चित्रशाळेच्या ग्रंथालयात ओलीमुळे एकही पुस्तक खराब झाले नाही. एकही नाही. भर वाळवंटात हा पराक्रम आमच्या चाचांनी केला आणि मी त्याची प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आणि मी अबू हलीफाच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी गप्पा मारत बसलेली. शेवटी कंटाळून ही नोकरी धरली. काम काय, तर पुस्तकांवर नंबर टाकायचे. पण ऐश्वर्य होतं हो! युरोपातल्या चित्रांचे जाडजूड ग्रंथ. त्यातल्या उघड्या बायकांना आमच्या मुख्याध्यापकांनी स्वहस्ते काळ्या शाईचे झगे चढवलेले. घोड्याच्या हाडांचे तक्ते. प्लास्टरचे कान, नाकं आणि एकच एक भला थोरला पाय. त्याच्या अंगठ्याला मी माझी पर्स अडकवायची. आणि सगळ्यात खालच्या रुंद खणात, रंगकाम शिकवणाऱ्या एका पॅलेस्टिनी मास्तरांची चित्रांची फाइल.

त्या फाइलीत त्यांचं घर होतं. ते सुटलं ते कायमचंच, आणि त्याचा फोटो एकही नव्हता. कुवेतला आल्यावर मास्तरांनी ते आठवून आठवून रंगवलं होतं, जाड रंगाचे थरावर थर देऊन. अंगण, विहीर, लिंबाचं झाड, निळं दार. त्यांच्या खोलीत धड पंखा नव्हता आणि अख्ख्या शाळेत एसी होता तो फक्त ग्रंथालयात, म्हणून चित्रं आमच्याकडे. त्यांची म्हातारी आई निर्वासितांच्या छावणीतून त्यांच्याकडे राहायला यायची होती. तिला आता फारसं आठवत नसे. फक्त घरी चला, घरी चला म्हणायची.

"नेता तर येत नाही," मास्तर मला मोडक्या इंग्रजीत म्हणाले होते. "निदान दाखवतो."

चाचा ग्रंथालयाचे शिपाई, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. पुस्तक हातात घ्यायचे ते तान्हं मूल घेतल्यासारखं. एसीशी मात्र त्यांचं उभं वैर. यंत्रातून पाणी ठिबकायचं, खिडकीच्या काचांना घाम फुटायचा आणि चाचांचा जीव खालीवर व्हायचा.

"ताई, ही काय हवा म्हणायची? आमच्याकडे आषाढात असते अशी. बुरशी धरेल, बुरशी!"

"चाचा, इथे टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत त्याचा पत्रा होतो. कसली बुरशी?"

"टॉवेल तुम्ही बघा. पुस्तकं मी बघतो."

आणि बघितलंच त्यांनी. कोकणात पेटीतले कागद जसे जपतात, तशी ओल शोषायला प्रत्येक खणात कळीच्या चुन्याची पुरचुंडी बसली. घरी नवऱ्यासमोर मी त्या पुरचुंड्या ठेवण्याची साग्रसंगीत नक्कल करून दाखवायची. तोही पोट धरून हसायचा.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. आम्ही सगळे आपापल्या मुलखाला गेलो, चाचा राहिले. शाळा उघडल्यावर मी ग्रंथालयात पाऊल टाकलं आणि थबकले. एसी बंद. भट्टीसारखी हवा.

"सुट्टीभर बंद ठेवला," चाचा अभिमानाने म्हणाले. "आणि सगळं सामान पाळीपाळीने गच्चीवर नेऊन उन्हं दिली. फाइलींनासुद्धा. आता एक डाग दाखवा, ताई."

डाग नव्हता. मी समोरचा ग्रंथ उघडला तर त्याचा कणा कडकन मोडला आणि झगेवाल्या बायका पानापानाने माझ्या मांडीवर आल्या. मी हसले. चाचाही हसले, जरासे. तेवढ्यात मास्तर दारात उभे, हाताला धरून आईला घेऊन. काळ्या पायघोळ अबायात एवढीशी, चिमणीसारखी बाई.

मास्तरांनी स्वतः खण ओढला, फाइल टेबलावर ठेवून नाडी सोडली. आतून वाळक्या पाचोळ्यासारखा आवाज आला. कागद कडांनी वर वळले होते आणि रंगाच्या खपल्या सुटून तळाशी जमल्या होत्या. लिंबाच्या झाडाचं खोड उरलं होतं. एका भिंतीच्या जागी पांढरा कागद. निळ्या दाराचा वरचा एक कोपरा तेवढा शाबूत होता.

चाचांनी ते पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू ते कुणाला दिसूच नयेत.

मास्तर फाइल मिटायला गेले, पण म्हातारीने त्यांचं मनगट धरलं. वाकून पाहिलं. भिंतीवरून बोट फिरवलं, तर उरलेला रंग बोटालाच आला. मग मान वर करून ती मुलावर खणखणीत आवाजात काहीतरी ओरडली. मास्तर खाली बघत राहिले. माझं अरबी भाजीबाजारापुरतं. मला "घर" एवढंच कळलं.

"काय म्हणाल्या?" मी चाचांना हळूच विचारलं.

चाचांना अरबी चांगलं येत होतं. त्या दिवशी येत नसतं तर बरं झालं असतं.

"म्हणतायत, घर पडलं, तर मला कुणी कळवलं कसं नाही?"