कूलर बंद करून बसलेलं घर

नागपुरात भर उन्हाळ्यात दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तरी सांगतो. त्या एप्रिलमध्ये माझ्या मायने बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या छतावर उडदाचे पापड वाळायला टाकले, आणि संध्याकाळी ती ते तळलेलेच खाली घेऊन आली. तेलाचा थेंब लागला नाही. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर एक कावळा उडता उडता हवेतच थांबला, स्वतःची सावली खाली कुठे पडली आहे ते पाहिलं आणि तिच्यात जाऊन बसला. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्याने मे महिन्यात आमच्या गॅलरीत अनवाणी उभं राहून दाखवावं, चहा माझ्याकडून.

अशा गावात कूलर ही वस्तू नसते, तो घरातला कर्ता असतो. आमचा तर हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला पत्र्याचा धटिंगण. सुरू केला की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून आम्ही दिवाळीपर्यंत जाऊन यायचो. आवाज असा, की शेजाऱ्यांना त्यांचं स्वतःचं भांडण नीट ऐकू यायचं नाही. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आमचं घराणं शेतातलं, एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावर हाका मारत वाढलेलं. माझी माय मोबाइलवर बोलते ती मोबाइल मध्ये नसता तरी चाललं असतं अशी बोलते.

माझ्या मुलीने तर आम्हा सगळ्यांवर ताण केली होती. ती झोपेतही बोलायची आणि मध्येच कुणी काही म्हटलं तर झोपेतच उत्तर द्यायची. भाजीवाला आमच्या गल्लीत शिरला की बाहेर पडेपर्यंत त्याचं लग्न, त्याच्या हातगाडीचं चाक आणि त्याच्या बकरीचा स्वभाव हे सगळं तिला माहीत झालेलं असायचं.

मग शाळा मोबाइलमध्ये आली.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या उन्हाळ्यात कोरोनाने पुन्हा सगळं बंद झालं तेव्हा पोरगी तिसरीत होती. मोठ्या वर्गांनी सकाळ घेतली, आमच्या वाट्याला भर दुपार आली. हिंगण्याला माझ्या कंपनीने एक आठवडा काम, एक आठवडा घर असं लावलं होतं. बायकोचं धरमपेठेतलं ऑफिस आमच्या पलंगावर आलं होतं. माय गावाहून चार दिवसांसाठी आली होती, ती अडकून पडली. आणि मोबाइलला रेंज मिळायची ती घरात एकाच जागी, हॉलच्या खिडकीपाशी. म्हणजे थेट कूलरच्या तोंडात.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी पोरीला पाढा विचारला. तिने माइक सुरू केला आणि आमचा कूलर सबंध तिसरीच्या घराघरांत शिरला. मॅडम म्हणाल्या, कुणाच्या घरी गिरणी सुरू आहे का? बाई तशी चांगली होती, सहज म्हणाली. पण पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसल्या. एका मुलाने दळण घेऊन येऊ का म्हणून विचारलं. पोरीने माइक बंद केला.

त्याच सुमारास शाळेकडून पालकांना एक मेसेज आला होता. मुलं घरून शिकत आहेत, त्यांना एकटं वाटू देऊ नका, सोबत बसा, घरात शांतता ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. कुठल्याही समजूतदार घराने तो वाचून मान डोलावली असती आणि पुढच्याला पाठवला असता. आम्ही तो पाळला.

बायकोने फर्मान काढलं, वर्ग सुरू असेपर्यंत कूलर बंद. पंखाही बंद, कारण त्याचं एक पातं कुरकुरायचं. आणि पोरीला एकटं वाटू नये म्हणून आम्ही तिघंही तिच्या समोर ओळीने बसायला लागलो. माझी माय डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसायची, तो दुसऱ्या प्रश्नापर्यंत खडखडीत वाळायचा. बायको मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्याच्या गरमीने वरून-खालून भाजत. मी उत्तरांचे हातवारे करायला. मोबाइल स्पीकरवर ठेवायचा, म्हणजे मॅडमनी काय विचारलं ते आम्हालाही कळेल आणि पोर अडली तर कुणीतरी पुरवेल. इअरफोन आम्ही कपाटात टाकून दिला. कानात घालून पोर एकटी पडते, असं आमचं मत होतं.

मॅडमनी नाव घेतलं की आम्ही तिघं श्वास धरायचो. घाम टपकायचा तेवढा आवाज. माझी माय ओठ हलवायची, मी बोटं दाखवायचो, बायको डोळ्यांनी सांगायची, बोल. पोरगी माइक सुरू करायची, आमच्याकडे पाहायची आणि गप्प व्हायची. पलीकडून आवाज यायचा, बेटा, ऐकू येत नाहीये. मग ती माइक बंद करायची.

आम्हाला वाटलं, शांतता कमी पडते आहे. मी घंटीची वायर काढली. कुकरला सुट्टी दिली. माझ्या मायला शिंक आली की ती नाक धरून न्हाणीघरात पळायची. आमच्या घरात इतकी शांतता झाली की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, सगळे ठीक आहेत ना.

पण ती मुकेपणाची हवा वर्गाबाहेर सांडली. पोरगी जेवताना बोलेना. मान हलवून हो, मान हलवून नाही. भाजीवाल्याने खालून दोनदा हाक मारली, ती गॅलरीत गेली नाही. झोपेतही बोलायची थांबली. माझी बायको रात्री उठून तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बघायची. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत, ही नाही.

मग मॅडमचा फोन आला. शुक्रवारी प्रत्येक मूल ‘माझं घर’ यावर दोन-चार वाक्यं बोलणार होतं. मॅडम बायकोला म्हणाल्या, मार्कांचा काही प्रश्न नाही. मला फक्त एकदा तिचा आवाज ऐकायचा आहे. नाही बोलली, तर तिला कुणातरी जाणकाराला दाखवावं असं मला वाटतं, आणि वेळ घालवू नका. फोन ठेवून बायको बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

या कामी माझा उपयोग होता. भाषण लिहून द्यायला माझ्यासारखा माणूस नाही. मी लिहिलं की आमच्या घराच्या गॅलरीतून सातपुड्याचे डोंगर दिसतात, घरात मोर येतात, आणि आजीने एकदा उभ्या पिकातून रानडुकराला कान धरून बाहेर काढलं होतं. पोरीने ते सगळं वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. चार दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

“हे खोटं आहे, बाबा.”

मी म्हटलं, डुक्कर तरी खरं आहे, आजीला विचार. ती तोवर उठून गेली होती.

शुक्रवारची दुपार अशी उगवली की भांड्यातलं पाणी गॅसवर न ठेवताच चहासाठी विचारत होतं. बायकोने ऑफिसला तब्येतीचं कारण सांगून लॅपटॉप बंद केला. पन्ह्याचे पेले भरून ठेवले. कूलर बंद, पंखा बंद, दारं बंद. आम्ही ओळीने बसलो. पोरगी खिडकीपाशी, मोबाइल स्पीकरवर. एकेक मूल बोलत होतं. कुणाच्या घरी झोपाळा होता, कुणाच्या घरी मासे. नावं पुढे सरकत होती तसतशी बायकोची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

आणखी दोन मुलं उरली असतील. पोरगी मोबाइलकडे पाहत नव्हती, आजीकडे पाहत होती. माझ्या मायचा चेहरा विटेसारखा झाला होता. ती भिंतीला टेकली होती, पण डोळे पोरीवरून हलवत नव्हती आणि हसण्याचा प्रयत्न करत होती. मी ते पाहिलंच नव्हतं. मी हातवाऱ्यांची तयारी करत होतो.

पोरगी उठली. बायको दबक्या आवाजात म्हणाली, “बस वं, आता पाळी आली तुझी.”

“आजीले गरगरून राहिलं,” ती म्हणाली. “रोजच गरगरते.”

“मले काही नाही होत,” माय म्हणाली. “तू बोल, माय.”

“कशी बोलू?” पोरीचा आवाज चढला. कित्येक दिवसांनी तो आमच्या घराण्याचा वाटला. “मी एक शब्द बोलाव म्हणून तुम्ही सगळे भाजून राहिले. मग माहा तो शब्द चुकला त?”

माझे हात अर्धवट हातवाऱ्यात तसेच राहिले.

ती सरळ बटणापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि कूलर लावला. पत्र्याचा धटिंगण गरजला. कॅलेंडर फडफडलं. गार वाऱ्याचा पहिला लोट माझ्या मायच्या तोंडावर आदळला आणि तिने डोळे मिटून घेतले. पोरीने तिच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. मग कपाट उघडून इअरफोन काढला. आजीच्या डोक्यावरचा दुपट्टा घेतला आणि उन्हात गाडीवर निघालेल्या पोरी बांधतात तसा डोक्याभोवती, तोंडाभोवती, गच्च बांधला. इअरफोन कानात, त्याचा माइक दुपट्ट्याच्या आत. बाहेर नुसते डोळे. आणि कूलरकडे पाठ करून, आमच्याकडेही पाठ करून, मोबाइल मांडीत घेऊन खिडकीलगतच्या भिंतीशी बसली.

आमच्या खानदानात सात पिढ्या डोक्यावर दुपट्टा बांधत आल्या. त्यात असं घर करून राहता येतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मला दुपट्ट्याखाली तिच्या कानाचा फुगवटा दिसत होता आणि गालावरून गेलेली कापडाची घडी. ती घडी हलायला लागली. आधी थोडी, मग भराभर. दुपट्टा आत ओढला जायचा, बाहेर फुगायचा. मग तिचा हात वर आला आणि हवेत काहीतरी मोठं, गोल दाखवून खाली गेला. पलीकडच्या मुलांना मोबाइलमध्ये तो हात दिसतही नसेल. खांदे हलले. ती हसत होती की काय. आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी आजवर बऱ्याच अचाट गोष्टी पाहिल्या असं लोकांना सांगत आलो आहे. त्यातल्या बहुतेक मीच तयार केलेल्या. ही माझ्या हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या मदतीशिवाय घडत होती. आठ वर्षांचं पोर, दुपट्ट्यात तोंड बांधलेलं, वादळाकडे पाठ करून बोलत होतं. मी हलायला विसरलो.

थोड्या वेळाने मात्र माझ्यातला मी जागा झाला. ती काय सांगते आहे ते मला ऐकायचं होतं. फक्त क्षणभर, दोन वाक्यं पुरली असती. मी गुपचूप बटणाकडे सरकलो. बायकोने मागून माझा शर्ट धरला. तिच्या गालांवरून घाम वाहत होता असं ती आजही म्हणते. कूलरच्या थेट झोतात बसून घाम. मी मानतो, माणसांनी एकमेकांच्या बढाया मानाव्या.

दोन-चार वाक्यं सांगितली होती, पोरगी त्याच्या कितीतरी पुढे गेली. शेवटी तिने दुपट्टा सोडला. आत केस चिकटलेले, नाक लाल. आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काहून असे पाहून राहिले सगळे?”

मी विचारलं, काय सांगितलंस वं?

“ते वर्गातलं आहे, बाबा,” ती म्हणाली आणि पन्हं प्यायला गेली. आजीचं उरलेलंही प्यायली.

मॅडमचा मेसेज आला, खूप छान बोलली, तेवढाच. बायकोने फोन करून आडून आडून विचारलं तर त्याही हसून म्हणाल्या, तिलाच विचारा.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या वेळी कूलर चालू. मायने ओळीतली आपली जागा सोडली आणि आतल्या खोलीत जाऊन ढाराढूर झोपली. बायको लॅपटॉप घेऊन पलंगावर गेली. मला कुठे बसायचं ते कळेना, म्हणून मी जिन्यात जाऊन बसलो.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र गावाकडून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला होता. त्याला सगळी काळजी माहीत होती. मी त्याला सांगायला घेतलं. म्हटलं, बापू, काय बोलली पोरगी, काय बोलली. वर्गात सन्नाटा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. आणि संपलं तेव्हा अशा टाळ्या वाजल्या, अशा टाळ्या, की मोबाइल टेबलावरून सरकत सरकत...

“टाळ्या नाही वाजल्या,” पोरगी जेवता जेवता म्हणाली. “सगळे म्यूट होते.”

मी भावाला म्हटलं, म्यूट असूनही वाजल्या.

ती खरकट्या हाताने उठली, डाव्या हाताने माझ्या कानाचा फोन काढून घेतला आणि आमच्या घराण्याच्या आवाजात म्हणाली, “काका, त्यांचं ऐकू नका. मी सांगते, सुरुवातीपासून सांगते.”