कॅसेट फुंकणारी

द्वारका चौकातून सातपूरला जाणाऱ्या बसमध्ये ती रोज खिडकीशी बसते. वय माझ्याएवढंच, चाळिशीचं. अंगात कंपनीचा निळा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी आणि हातात छोटा व्हिडिओ गेम. लहानपणी आमच्या टीव्हीवर चालायचा तोच तलवारवाला गेम, आता हातात मावेल असा नव्यानं केलेला. खालचा ओठ दाताखाली धरून ती खेळते आणि शेजारी बसून मी जळते. आमच्याकडे खेळायचा रिमोट कायम दादाच्या हातात असायचा. गेमची कॅसेट फुंकून, धूळ उडवून देणं एवढंच माझं काम.

काल ती गेममधल्या तुटक्या पुलाशी अडकली. मला राहवलं नाही.

"डावीकडच्या झाडामागे भुयार आहे."

"तुम्ही खेळलाय?"

"नाही. दादा खेळायचा, मी बघायचे."

"मी पण बघायचेच," ती म्हणाली. "म्हणून आता कुणाच्या हातात देत नाही."

माझा हात पुढे झाला होता, तो मी पर्सवर ठेवला. मला नीट दिसावं म्हणून तिनं स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवली. दादानं एवढंही कधी केलं नव्हतं. तरी दादाचा कधी आला नाही एवढा मला तिचा राग आला.

भुयारातून बाहेर पडायची वाट मला माहीत होती. मी सांगितली नाही.