उंबऱ्यापर्यंतचा गडी

एसटीच्या थांब्यापासून तालमीपर्यंत मी खांद्यावर होतो. गावच्या पोरांनी उचललेला. गुलालानं डोळे चुरचुरत होते. हलगी कडाडत होती. उंब्रजच्या कबड्डी सामन्यात शेवटच्या चढाईत तीन गडी बाद करून मी परतलो होतो. ढाल गावाची झाली होती.

तालमीच्या दारात मला खाली उतरवलं.

"बास. तू हितंच थांब."

बोलला आमचा कप्तान. पाटलांचा थोरला. अख्खा सामना माझा हात हातात धरून साखळी केलेला.

सगळे आत गेले. आमच्याकडं रीत आहे, जिंकून आलेल्या संघानं मारुतीपुढं तालमीची तांबडी माती कपाळाला लावायची. मी बाहेर. थोड्या वेळानं कप्तान पळसाच्या पानावर चिमूटभर माती घेऊन आला. हाताला हात लागू नये म्हणून पान वरनंच सोडलं. ते वाऱ्यानं उलटलं. माती पायावर सांडली.

"लाव की रं उचलून!"

पोरं हसली. मी वाकलो. उचलली. लावली.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट. मला मारुती नको होता. आम्ही बौद्ध झालो होतो, गावाच्या तोंडी मात्र अजून महारवाडाच. मला माझा संघ हवा होता. तो आत होता.

सोडून जायचं तर कुठं? सामन्यांचा नियम, गडी ज्या गावचा त्याच गावाकडनं खेळणार. शेजारगावचा कप्तान एकदा म्हणाला, "आमच्याकडं असतास तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो, गड्या."

"आन् तालमीत?"

त्यानं बिडी पेटवली.

बाप पाटलांच्या उसात राबायचा. झोपडी त्यांच्याच बांधाला. म्हणायचा, "गप खेळ. तू खेळतुयास तवर आपल्याला कोण हलवत न्हाई." मैदानात दम सुटला की गडी बाद. आमच्या घराचंही तसंच, मी दम सोडला की घर बाद. गिळायचं आणि दम धरायचा.

मुंबईला गिरणीत असलेल्या मामानं पत्रकं आणली. आमच्या वस्तीतल्या पोरांना मी ती मोठ्यानं वाचून दाखवायचो. माणुसकी, हक्क, स्वाभिमान. वाचताना जीभ अडखळायची. कपाळाला माती लावलेला मीच होतो.

पुढच्या वर्षी रहिमतपूरला सामने. तालमीपुढं ट्रक उभा. आत नारळ फुटला, पोरं बाहेर आली. पाटील संघाचे अध्यक्ष. म्हणाले, "चढ रं लवकर."

"आधी तालमीत येनार. मग ट्रकात."

"लय वाचाय लागलंय बेणं!" ते हसले. मग बापाला हाक मारली. बाप हात जोडूनच आला.

"आवं मालक, पोरगं हाय. समजावतो." माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "चढ बाबा. पाया पडतो तुझ्या."

बाप पोराच्या पाया पडायला निघाला होता. पाटील मिशीवर हात फिरवत बघत होते.

मी चढलो नाही.

ट्रक गेला. मला वाटलं, आता हरून येतील. मग कळेल किंमत. मग उघडतील दार.

ते जिंकून आले. हलगी मुद्दाम वस्तीवरनं वाजवत नेली. "का रं, अडलं का तुझ्यावाचून?" संघातली पोरं ओरडली. दुसऱ्या दिवशी बापाचं काम बंद. झोपडी उठली. आता आम्ही वस्तीच्या चावडीत राहतो. बाप माझ्याशी बोलत नाही.

पण त्या हलगीनं माझे कान उघडले. मी चढाईच्या जोरावर दार मागत होतो. चढाई येते म्हणून दार उघडायचं असेल, तर पायानं अधू असलेल्या माझ्या चुलतभावानं काय करायचं? आमच्या म्हाताऱ्यांनी, ज्यांनी कधी मैदान बघितलं नाही, त्यांनी काय करायचं? आधी जिंकून दाखव, मग माणूस म्हणू. हा नियम कुणी केला? मी तो इतकी वर्षं मुकाट पाळला.

येत्या हनुमान जयंतीला, कुस्त्या बघायला पंचक्रोशी गोळा झालेली असताना, भर दुपारी आम्ही तालमीत शिरणार. पुढं मी नसणार. मला बघून म्हणतील, गडी चांगला हाय, येऊ दे त्याला एकट्याला. एकटा मी जाणार नाही. पुढं चुलतभाऊ असेल, लंगडत. मागं सगळी वस्ती.

परवानगी मागत नाही. येतोय, एवढंच गावाला कळवतो.