एका जागी शांत बसते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. मयुरीचे पप्पा होते तेव्हा त्यांनाही नाही — त्यांना अर्धंमुर्धं ठाऊक असावं, पण ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ द्या, कारण शोधत बसले तर पुन्हा सांगायचं राहून जाईल. तसं ते बऱ्याचदा राहिलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आता निवृत्त आहे, वसमतला राहते. स्वभाव चिडका आहे, तेही आधीच सांगून टाकते. मला वस्तू जागच्या जागी लागते, बस चुकलेली चालत नाही, आणि एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की माझं डोकं फिरतं. अशा बाईच्या पोटी मयुरी आली. पाणी प्यायला उठायची आणि अंगणात मुंग्यांची रांग बघत बसायची, इकडे माठ उघडाच. शाळेमागच्या शेतात हळद शिजायला लागली की वाफ बघायला वर्गातून गायब. दप्तर घरी, डबा बसमध्ये, एक चप्पल कुठे तरी. मी किती ओरडले असेन तिच्यावर? हिशेबच नाही.

मयुरी आता पंचवीस वर्षांची आहे. औंढ्याच्या बाजूला एका सरकारी आरोग्य केंद्रात ती कंत्राटी लॅब टेक्निशियन होती. होती म्हणते आहे, ते का ते पुढे येईलच. एका सकाळी तिनं दोन रुग्णांच्या रक्ताच्या बाटल्यांवर एकमेकांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रिपोर्ट जाण्याआधी तिचं तिलाच ते दिसलं, आणि ती तशीच उठून डॉक्टर मॅडमकडे गेली, सगळं सांगून टाकलं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या मॅडमनी तिला रागावण्याऐवजी समोर बसवलं आणि बराच वेळ प्रश्न विचारले. मग सांगितलं, एडीएचडी नावाचं एक असतं — लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ राहत नाही, आणि हे लहानपणापासूनच असतं. आळस नव्हे. मोठ्या माणसांतही असतं, कुणी तपासत नाही एवढंच. जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

त्या संध्याकाळी मयुरी घरी आली ती हसतच. मला म्हणाली, "आई, याला नाव हाय. मला वाटायचं मीच वाईट हाय."

मी स्वयंपाक करत होते. मी मागे वळून बघितलं नाही.

मग सुरू झाले हेलपाटे. मानसोपचाराचे डॉक्टर ठरावीक दिवशी बसत, आणि मयुरीनं वारच चुकवला. पुन्हा गेलो, तर डॉक्टर शिबिराला गेलेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमी फोन करून यायचं न, मॅडम." कुठल्या नंबरवर फोन करायचा, ते त्यालाही सांगता येईना. तिसऱ्या खेपेला आम्ही रांगेत तासभर उभ्या राहिलो, नंबर आला, आणि चिठ्ठी सापडेना. पर्समध्ये नाही, फाइलमध्ये नाही. ती बसच्या सीटवर राहिली होती. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, तिला बोलले. काय बोलले ते लिहवत नाही.

तुम्हीच बघा हा काय प्रकार आहे. ज्याला कागद सांभाळता येत नाहीत, वार लक्षात राहत नाही, रांगेत उभं राहवत नाही, त्यालाच सांगायचं — कागद सांभाळ, वार लक्षात ठेव, रांगेत उभा राहा, आणि हे सगळं जमलं की मग आम्ही तपासू तुला हे जमतं का. सात महिने हे चाललं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी शेवटी बघितलं, तेही भले गृहस्थ होते, पण म्हणाले, सगळ्या चाचण्या शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होतात. पुन्हा चिठ्ठी. पुन्हा दोन महिन्यांनंतरची तारीख. मला सरकारचा राग यायचा, बसचा यायचा, खिडकीतल्या माणसाचा यायचा आणि मयुरीचा तर यायचाच.

पण एक सांगू? चिठ्ठी हरवली की मी ओरडायचे, आणि आतल्या आत मला सुटल्यासारखं वाटायचं.

कारण आरोग्य केंद्राच्या मॅडमनी चिठ्ठी देतानाच मयुरीला एक गोष्ट नीट समजावली होती. हे मोठेपणी अचानक होत नाही. बाराव्या वर्षाच्या आत ते दिसलेलं असावं लागतं. त्यामुळे शाळेचे जुने कागद ने, आणि जिनं किंवा ज्यानं तुला लहानपणी रोज पाहिलं आहे असं माणूस बरोबर ने. मयुरी तिथंच म्हणाली होती, "आई हाय न. आईनंच मला तिसरी-चौथी शिकवलं."

हो. मीच तिची आई आणि मीच तिची बाई होते. हट्ट्याच्या पलीकडे एक लहानसं गाव, दोन शिक्षकी शाळा. तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे. सकाळी घरातून निघाले की ती मला आई म्हणायची नाही, शाळेच्या फाटकापासून बाई म्हणायची. तसा मीच नियम केला होता. स्वतःच्या लेकराला बाई सूट देते, असं गावात कुणी म्हणू नये म्हणून. तिला चार छड्या जास्त बसल्या तरी चालतील, कमी नको. पुढं छडीही गेली. मुलांना हात लावायचा नाही असं प्रशिक्षणात बजावून सांगितलं, आणि मी हात लावायचं सोडलं. खरंच सोडलं. ते लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला प्रगतीपुस्तकात प्रत्येक मुलाविषयी वाक्यं लिहायची पद्धत आली. बाजारात नोंदींचं एक पुस्तक मिळायचं. त्यातून वाक्यं उतरवून काढायची, ह्याला पाच, त्याला पाच. आम्ही सगळेच तसं करायचो. चाळीस मुलांची वाक्यं दोन दुपारी संपायची. मयुरीच्या प्रगतीपुस्तकातली बहुतेक वाक्यं त्याच पुस्तकातली आहेत. एक सोडून.

ते प्रगतीपुस्तक मी जपून ठेवलं होतं. कपाटात, वरच्या कप्प्यात. मोठ्या दवाखान्यात जायच्या दिवशी पिशवीत घालताना मनात आलं, सापडलं नाही म्हणून सांगावं. पण मी वस्तू हरवणारी बाई नाही ना! मयुरीला ते खरं वाटलं नसतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, मयुरीहून फार मोठी नसेल. सावकाश बोलायची, घाई नाही. आधी मयुरीला एकटीला तासभर विचारलं, कागदावर खुणा करून घेतल्या. मग मला आत बोलावलं. मयुरी खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. डॉक्टरीण म्हणाली, लहानपणाविषयी सांगा. मी काही बोलायच्या आत मयुरीच म्हणाली, "आईला सगळं ठाऊक हाय. तिलाच इचारा."

आणि मी म्हणाले, शांत होती. सांगितलेलं ऐकायची. थोडी विसराळू, पण मुलं असतातच.

डॉक्टरणीनं प्रगतीपुस्तक उघडलं, पानं उलटली. मग मोठ्यानं वाचलं — लक्षपूर्वक ऐकते. दिलेले काम वेळेत पूर्ण करते. एका जागी शांत बसते. तिनं मान वर करून विचारलं, "कोण होत्या हिच्या बाई? बोलता येईल का त्यांच्याशी?"

मी म्हणाले, "होत्या एक. बदली होऊन गेल्या. आता कुठं असतात काय ठाऊक."

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पिशवीचा बंद सारखा करत होते. डॉक्टरणीनं तिला विचारलं, तुला स्वतःला काय आठवतं? दोन वर्षं ज्या बाईसमोर बसली, ती बाई शेजारच्या खुर्चीत होती. मयुरी म्हणाली, "आई म्हणती तसंच असंल."

आता ते सांगते. किती फिरवून फिरवून इथं आले मी.

मयुरी वर्गात बसायची नाही. पाच मिनिटं झाली की उठायची — पेन्सिल पडली, खिडकीत पक्षी आला, कुणाची तरी पाटी बघायची. चाळीस पोरं आणि माझीच पोरगी सगळ्यांत वांड. मला गावाची लाज वाटायची. तेव्हा मुलींना दोन वेण्या आणि लाल रिबिनी असायच्या, तिच्या वेण्या मीच रोज घालायचे. एका दिवशी फार डोकं फिरलं, आणि मी तिला खिडकीपाशी बसवून तिच्या रिबिनीचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. ती सवयीनं उठली, आणि डोकं मागे ओढलं गेलं. पोरं हसली. तीही हसली. तिला वाटलं, खेळ आहे.

मी एका दिवसावर थांबले असते, तर कदाचित हे लिहितही नसते. पण वर्ग इतका शांत झाला त्या दिवशी! दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलं. मग रोज. तिसरीचं अर्धं वर्ष आणि चौथीचं सगळं. रिबीन थोडी लांब घेऊन यायचे मी बाजारातून, बांधायला पुरावी म्हणून. कधी कधी ती विसरून उठायची आणि डोळ्यांत पाणी यायचं, मग परत बसायची. हात मी लावलाच नाही, नियम होता ना. शेवटी शेवटी तर मला सांगावंही लागत नव्हतं. हजेरी झाली की ती आपली आपण खिडकीपाशी यायची, पाठ करून बसायची, आणि रिबिनीचं टोक मागं हात करून माझ्या हातात द्यायची. आठ-नऊ वर्षांचं लेकरू. त्या वर्षाच्या शेवटी मी नोंदींचं पुस्तक बाजूला ठेवून माझ्या मनानं एक वाक्य लिहिलं. मला ते खरं वाटत होतं.

पाचवीत गेल्यावर तिनं केस कापून घ्यायचा हट्ट धरला. अजून ती केस मानेखाली येऊ देत नाही.

डॉक्टरणीसमोर मी खोटं का बोलले? ती मला काय म्हणेल याची भीती वाटली, हे तर आहेच. पण त्याहून वाईट असं, की मयुरी नुसतीच वांड आणि आळशी असली तर मी फक्त कडक आई ठरते. तिला जन्मापासून ते जमतच नसेल, तर मी कोण ठरते? मला मुलगी आळशी असलेली परवडत होती. हे मी त्या खोलीत, त्या मिनिटाला, स्पष्ट विचार करून ठरवलं. गडबडीत तोंडातून निघालं असं नाही.

रिपोर्टमध्ये लिहून आलं, बालपणी लक्षणं असल्याचं आढळत नाही. झोपेसाठी, काळजीसाठी गोळ्या दिल्या, आणि लहानपणची आणखी कुणी माहिती देणारं असेल तर पुन्हा घेऊन या म्हणाले. आणखी कुणी नाही. तिचे पप्पा गेले, दुसरे गुरुजीही गेले. परतीच्या बसची वाट बघत बसलो होतो तेव्हा मयुरी म्हणाली, "म्हंजे मला काही झालेलं न्हाई. मी हायेच तशी." चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये तिचा करार संपला. पुन्हा अर्ज करायची तारीख तिनं जाऊ दिली, विसरून नव्हे. मी विचारलं तर म्हणाली, कुणाच्या रक्ताचा घोळ व्हायला नको. आता घरीच असते. गॅसवर दूध ठेवलं की तिथून हलत नाही, ओट्याला पाठ लावून उभी राहते, उतू जाईपर्यंत नाही, तापेपर्यंत. दिवसातून दहादा मला सॉरी म्हणते. त्या दिवसाविषयी आमच्यात एक शब्द झालेला नाही.

प्रगतीपुस्तक पुन्हा कपाटात आहे, वरच्या कप्प्यात. काल काढून बघितलं. चौथीच्या पानावर ते वाक्य आहे, निळ्या शाईत, वळणदार. त्याच्याखाली दोन रेघा आहेत. एकीवर वर्गशिक्षिकेची सही, दुसरीवर पालकाची. दोन्ही माझ्याच आहेत.