जँडलच्या टाचेचा डायव्हर

आमच्या साडूंनी मनात आणलं तर ते वरवंट्यालाही पोहायला शिकवतील आणि वर त्याच्याकडून बुडी मारून घेतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, तिचे हे यजमान. मूळचे ठाण्याचे, पेशाने दंतवैद्य, आणि गेली कित्येक वर्षं ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, पापाकुरात, लोकांच्या दाढा काढणारे. पण दाढा हा फक्त पोटापाण्याचा उद्योग. खरा जीव गळात अडकलेला. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते रोज गेले तरी आमिष विकत घेणार नाहीत. विकतचं आमिष लावून मासा धरणं म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र बायकोला पाठवणं, असं त्यांचं मत आहे. ताईला आजवर त्यांनी एकही पत्र लिहिलेलं नाही, हा भाग वेगळा.

फ्लाय फिशिंग हा प्रकार मला त्यांनीच समजावला. यात आमिषाला वजन असं नसतंच. पिसं, केस, दोरा यांनी निर्माण केलेला तो एक भास असतो आणि जाड दोरीच्या फटकाऱ्याने तो लांब पाण्यावर जाऊन पडतो. त्यातही साडूंना वेड डायव्हरचं. डायव्हर म्हणजे एरवी पाण्यावर निवांत तरंगणारं, दोरी ओढली की डोकं खाली घालून बुडी मारणारं आणि सोडली की पुन्हा वर येणारं आमिष. साडूंचे डायव्हर घरातूनच जन्माला येतात. डोकं रबरी सपातेच्या टाचेचं; या सपातेला इथे जँडल म्हणतात. बुडी मारण्यासाठी हनुवटीखाली जी चिमुकली तिरकी पट्टी लागते, ती कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकची. शेपटीला कोंबड्याची पिसं आणि चकाकीसाठी ताईच्या जुन्या साडीची जर. साडी जुनी झाली हे साडूंनी परस्पर ठरवलं होतं. ताईला ते भाऊबीजेच्या दिवशी ती नेसायला काढल्यावर कळलं.

त्यांच्या नजरेतून कुठलंही पादत्राण सुटत नाही. समुद्रावर वाहून आलेली एकेकटी जँडल ते उचलतात, दाबतात, कानाशी नेऊन वाकवतात आणि नापसंत पडली तर मान हलवून कचऱ्याच्या डब्यात टाकतात. एका वर्षी त्यांच्याकडे गणपतीच्या आरतीला आम्ही सगळे आमच्या हेन्डरसनच्या घरून गेलो होतो. बाहेर ओसरीत मराठी मंडळींच्या चपलांचा ढीग पडलेला. आरतीत साडूंचा आवाज मध्येच बंद झाला तेव्हा मला वाटलं, नैवेद्याचं बघायला गेले असतील. निघताना बघतो तर माझ्या डाव्या जँडलच्या टाचेला बोराएवढं सुबक गोल भोक. साडू जरासुद्धा ओशाळले नाहीत. असा दाट फोम आता कोणी बनवत नाही, म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते स्वतः गाडी हाकत आले आणि नवी कोरी जोडी देऊन गेले. घरी पोचल्यावर फोन केला, की जुन्यातली उजवी अजून टाकली नसेल ना?

तयार झालेला डायव्हर तपासण्याची प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या न्हाणीघरातला टब. तो कायम भरलेला. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण ती दाराबाहेर टॉवेल घेऊन, "बाबा, आय जस्ट वॉन्ट अ शॉवर, प्लीज," अशा विनवण्या करत उभी असायची. आत साडू गुडघे टेकून बसलेले. एकदा मीही शेजारी बसलो. त्यांनी ओढलं, डायव्हर थोडा डावीकडे गेला. त्यांनी दाढा कोरायच्या बारीक यंत्राने गुलाबी पट्टीची कड जेमतेम दिसेल न दिसेल इतकी खरवडली. पुन्हा ओढलं. टाचेचा तो तुकडा डुबुक करून खाली गेला, एक बुडबुडा सोडला, घाबरल्यासारखा थरथरला आणि नाक वर काढून थांबला. मी चांगला शिकलासवरलेला माणूस, पण त्या क्षणी मला तो मासा वाटला आणि त्याची काळजी वाटली. माझ्याच पायाखाली वर्षभर तुडवल्या गेलेल्या रबरात या माणसाने प्राण फुंकला होता. मी थक्क होऊन बघत राहिलो.

साडू मासे आवडीने खातात, पण स्वतः धरलेला मासा कधी घरी आणत नाहीत. गळाच्या टोकाचा उलटा काटाही ते चिमट्याने दाबून सपाट करतात, म्हणजे माशाला फार इजा होऊ नये. तासभर गाडी चालवून नदीच्या मुखाशी जायचं, काहावाई नावाचा रुपेरी, दांडगा मासा झुंज देत किनाऱ्याला आणायचा, हात ओला करून गळ सोडवायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. येताना भारतीय दुकानातून फ्रोझन पापलेट. मी कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ज्याने माझ्या कामाला दाद दिली, त्याला कढईत कसा टाकू?"

मग त्यांचा हात थरथरू लागला. हे ताईच्या आधी, डॉक्टरच्या आधी त्यांनाच कळलं. गळावर दोरा गुंडाळताना वेढे एकमेकांवर चढू लागले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दवाखान्यात सांगून टाकलं की यापुढे मी कोणाच्या तोंडात अवजार घालणार नाही. कोणी तक्रार केली नव्हती, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पार्किन्सन्स आहे हे निदान त्यानंतर झालं. आयुष्यभराचं काम इतक्या शांतपणे खाली ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

डायव्हर मात्र त्यांना सोडवेनात. आणि इथेच पंचाईत झाली. आम्ही सगळे त्यांचं भरमसाट कौतुक करू लागलो. मुलगी, मराठी मंडळातले लोक, मी, सगळेच. ते एकदा मला म्हणाले, "हल्ली मी शर्टाचं बटण लावलं तरी लोक वाहवा करतात. माझं काम अजून काम आहे का, हे मला खरं सांगणारं कोणी उरलं नाही हो." मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना उत्तर मिळालं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कोणाचीही मदत न घेता एक डायव्हर केला. बरेच दिवस लागले. डोकं एका बाजूला फुगलेलं, पट्टी वाकडी बसलेली, जर विस्कटलेली. टबात ओढला तर तो सरळ बुडेचना. तिरका जाऊन कडेला आपटला. मी छान झालाय म्हणालो. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि डायव्हर केराच्या डब्याकडे नेला. ताई दारात उभी होती. तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि शांतपणे विचारलं, "टबात बघून काय ठरवताय? टबात मासे असतात का?"

शनिवारी सकाळी आम्ही तिघं नदीच्या मुखाशी गेलो. भरती ओसरत होती. गाठ ताईने मारली, साडीला फॉल लावणाऱ्या हाताने, घट्ट. साडूंनी दोरी फेकली. गंमत म्हणजे दोरी हवेत असताना त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. डायव्हर पडला, तिरकाच बुडाला, तिरकाच वर आला. पुन्हा. पुन्हा. बराच वेळ काही झालं नाही. मी मनातल्या मनात त्या खाडीतल्या एकूण एक माशाच्या विनवण्या करत होतो. शेवटी साडू दोरी गुंडाळायला लागले, थरथरत्या हाताने, तुटक तुटक, आणि किनाऱ्याच्या अगदी जवळ पाणी एकदम फुटलं. रॉड कमानीसारखा वाकला.

मासा मोठा होता. साडूंनी त्याला दमवला, जवळ आणला, हात भिजवून गळ सोडवला. या कामाला त्यांना फार वेळ लागला, पण आम्ही दोघंही पुढे झालो नाही. मासा क्षणभर त्यांच्या पायांपाशी थांबला आणि गेला. साडू गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "त्याला कोणी सांगितलं नव्हतं ना, माझ्या हाताचं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते, मला कळलं नाही आणि मी जवळ जाऊन पाहिलंही नाही. असे अजून किती डायव्हर त्यांच्या हातून होतील, कोण जाणे. ताईने थर्मास उघडला आणि त्यांचा कप काठोकाठ भरला. चहा सांडू नये म्हणून एरवी हल्ली ती तो अर्धाच भरते.